‘तेच ते’ वाजवणारे ब्रेंडेल

डिसेंबरात पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव संपला की आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक भांडण ठरलेलं असतं. मांडव, थंडी, ट्रॅफिक हे विषय उरकले की गाडी तिथंच येते. अमुक बुवांनी पुन्हा तोच राग घेतला, तमुक बाईंची द्रुत चीज गेल्या खेपेचीच होती, या लोकांच्या पोतडीत नवीन काही आहे की नाही? मग दुसरी फळी उठते. आम्हाला तेच ऐकायचं असतं, तुम्हाला नको तर तुम्ही घरी बसा. मी लंडनमधून दोन्ही बाजू वाचतो आणि बहुतेक वेळा गप्प बसतो. यंदा राहवलं नाही, कारण डोक्यात पियानोवादक आल्फ्रेड ब्रेंडेल होते.

ब्रेंडेल जून २०२५ मध्ये लंडनमध्ये वारले, चौऱ्याण्णवाव्या वर्षी. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या पहिल्या चार-पाच पियानोवादकांत त्यांचं नाव घ्यावंच लागतं. त्यांचा जन्म १९३१ चा, मोराव्हियातला. बालपण झाग्रेब आणि ग्राझमध्ये गेलं. घरात कुणी संगीतकार नाही. वयाच्या सोळाव्या वर्षानंतर नेमाने शिकवणारा गुरूही नाही. एडविन फिशरसारख्या पियानोवादकांच्या काही कार्यशाळा केल्या तेवढ्याच. बाकी स्वतःचं वाजवणं टेपवर घ्यायचं, ऐकायचं आणि चुका काढायच्या. आपण बालकलाकार नव्हतो, आपली स्मरणशक्ती विलक्षण नाही, समोर कागद ठेवला तर झरझर वाजवताही येत नाही, तरी हे सगळं कसं जमलं कोण जाणे, असं ते मिश्कीलपणे सांगत. घराण्याची वंशावळ सांगितल्याशिवाय ज्यांची ओळखच पुरी होत नाही अशा गाण्यात वाढलेल्या माझ्यासारख्याला हे ऐकायला जरा चमत्कारिकच वाटतं.

पण मुद्दा त्यांनी काय वाजवलं हा आहे. हायडन, मोत्सार्ट, बेथोव्हन, शूबर्ट या संगीतकारांच्या रचना. शिवाय लिस्त, थोडा शूमान, ब्राम्सचे काँचेर्तो (पियानो आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचना) आणि शनबर्गचा एक काँचेर्तो. साठ वर्षांच्या कारकिर्दीचं घर एवढ्यावर उभं. पियानो म्हटलं की लोकांना आधी आठवतो तो शोपँ. त्याचे पोलोनेझ त्यांनी तरुणपणी रेकॉर्ड केले आणि नंतर तो रस्ताच सोडला. रखमानिनोव्हकडे तर फिरकलेच नाहीत. उलट बेथोव्हनच्या बत्तीस सोनाटांची, म्हणजे एकट्या पियानोसाठीच्या अनेक भागांच्या रचनांची, संपूर्ण मालिका त्यांनी तीनदा रेकॉर्ड केली. तीनदा! आमच्या ग्रुपवर असते तर पहिल्याच दिवशी ‘या माणसाकडे नवीन काही नाही’ असा शेरा बसला असता.

हा शेरा भीमसेनजींना, म्हणजे आपल्या अण्णांनाही चुकला नव्हता. शुद्ध कल्याण, दरबारी, पुरिया, मालकंस, तोडी. मोजकेच राग गातात, ही तक्रार त्यांच्या हयातीत जाणकारच करत. तोलायला मल्लिकार्जुन मन्सूर असायचेच: शिवमत भैरव, बिहारी, खट, संपूर्ण मालकंस. मन्सूरांच्या जयपूर घराण्याकडे अनवट रागांची श्रीमंती, अण्णांच्या किराण्याकडे मोठ्या रागांचा विस्तार, हे इतकं सरधोपट नाही हे मलाही कळतं. पण अण्णांचा शुद्ध कल्याण दहाव्यांदा ऐकताना ‘पुन्हा तोच’ असं ज्याला वाटलं, त्याने रागाचं नाव ऐकलं, गाणं नाही, असं मला वाटतं.

‘तेच’ वाजवणारा माणूस त्यात नेमकं काय करत असतो? शूबर्टची शेवटची सोनाटा घ्या, बी फ्लॅट मेजरमधली. सप्टेंबर १८२८ मध्ये लिहून झाली आणि नोव्हेंबरात शूबर्ट गेला, एकतिसाव्या वर्षी. सुरुवातीची धून अगदी हळू, गुणगुणल्यासारखी. आठव्या मात्राखंडात डाव्या हाताला, पार खर्जात, दोन शेजारच्या सुरांचा एक दबका कंप येतो आणि सगळं थांबतं. पहिला भाग एका टप्प्याला आला की शूबर्टने परतीची खूण घातली आहे: पुन्हा सुरुवातीपासून वाजवा. त्या परतीसाठी त्याने काही वेगळे मात्राखंड लिहिलेत आणि त्यांत तोच दबका कंप एकदाच, पूर्ण जोरात फुटतो. बरेच वादक परत जातात, कारण शूबर्टने तसं लिहिलंय. ब्रेंडेल जात नसत. त्यांचं म्हणणं असं की ते मात्राखंड उरलेल्या भागाशी जुळतच नाहीत. तो स्फोट तिथं झाला तर पुढचं सगळं रहस्य वाया जातं. यावर त्यांनी लेख लिहिले, लोकांनी उलट लेख लिहिले. मला स्वतःला तो स्फोट आवडतो आणि मी विरुद्ध पार्टीत आहे. पण मूठभर मात्राखंडांवर आयुष्यभर एक भूमिका घेऊन उभं राहायचं, तर ती रचना आयुष्यभर जवळ असावी लागते. दरसाल नवा माल आणणाऱ्याला ते परवडत नाही.

जाता जाता एक. ब्रेंडेल बोटांच्या टोकांना चिकटपट्ट्या लावून वाजवत. आणि वाजवताना चेहरा असा काही वेडावाकडा होई, की शेवटी पियानोशेजारी आरसा ठेवून त्यांनी तो ताब्यात आणायचा प्रयत्न केला. अण्णांच्या हातवाऱ्यांना हसणाऱ्यांसाठी ही माहिती देऊन ठेवतो.

आता ‘बघा, तिकडे कलावंताला केवढं स्वातंत्र्य’ असं कुणी म्हणायच्या आत दुसरी बाजू. हे स्वातंत्र्य ब्रेंडेलना फुकट मिळालं नव्हतं. १९४९ साली इटलीत बोलझानोच्या बुसोनी पियानो स्पर्धेत त्यांना बक्षीस मिळालं ते चौथं. मग व्हॉक्स या स्वस्तातल्या रेकॉर्डी काढणाऱ्या कंपनीसाठी वर्षानुवर्षं वाजवणं. त्यातच एका बेथोव्हन काँचेर्तोला वाद्यवृंद सांभाळायला आपले मुंबईचे तरुण झुबिन मेहता होते. लंडनमध्ये क्वीन एलिझाबेथ हॉलला बेथोव्हनचा एक फारसा लोकप्रिय नसलेला कार्यक्रम झाला आणि दुसऱ्या दिवशी तीन रेकॉर्ड कंपन्यांचे फोन आले, असं ते सांगत. तोवर चाळिशी दिसू लागली होती. आजच्या तरुणाला इतका वेळ कोण देतो? स्पर्धेत बाखपासून कालपरवा लिहिलेल्या रचनेपर्यंत सगळं वाजवून दाखवा. जिंकलात तर वाद्यवृंदवाले म्हणणार, चायकोव्हस्कीचा पहिला किंवा रखमानिनोव्हचा दुसरा काँचेर्तो घ्या, त्याला तिकिटं जातात. शिवाय इथं कार्यक्रम कित्येक महिने आधी छापून येतो. लंडनच्या विगमोर हॉलच्या पुस्तिकेत पुढच्या वसंतातल्या मंगळवारी कोण काय वाजवणार हे मी आजच वाचू शकतो. तानपुरे जुळल्यावर, मांडवातली हवा बघून राग ठरवण्याची चैन आमच्या पियानोवाल्यांच्या नशिबी नाही.

घरच्या वादात मला खटकतं ते वेगळंच. गायकाचे राग मोजणारे आपण, त्याला नाही म्हणायची मुभा कितपत देतो? रात्री दहाला ध्वनिवर्धक बंद, त्यामुळे मांडवात उत्तररात्रीच्या रागांना जागाच उरली नाही. उरलेल्या वेळात कलाकार दाटीवाटीने बसवलेले. पाऊण तासात बडा ख्याल, द्रुत आणि वर अभंग. अभंग घेतला नाही तर पुढच्या वेळी बोलावणं येईल की नाही ही धाकधूक. अशा वेळी गायक हमखास रंगणारा राग घेणार नाही तर काय करणार? ब्रेंडेलनी शोपँ सोडला तो विचार करून. आपल्याकडच्या पुष्कळ तरुण गायकांचं क्षेत्र आकसतं ते वेळापत्रकाने. या दोन गोष्टींना एकच शिवी देऊन चालणार नाही. किशोरीताई फर्माइशीला नमत नसत. त्याला आपण त्यांच्या हयातीत लहरीपणा म्हणालो, आता बाणेदारपणा म्हणतो.

ब्रेंडेलनी वाढत्या वयाबरोबर शरीराला न झेपणाऱ्या रचना एकेक करून बाजूला ठेवल्या. त्यात बेथोव्हनची ती अक्राळविक्राळ ‘हामरक्लाव्हिअर’ सोनाटाही गेली. मग १८ डिसेंबर २००८ ला व्हिएन्नात मोत्सार्टचा ई फ्लॅटमधला काँचेर्तो वाजवून मैफिली कायमच्या थांबवल्या. हात चालत असताना. नंतर व्याख्यानं दिली, स्वतःच्या कविता वाचल्या, पॉल लुइससारख्या शिष्यांचं वाजवणं ऐकलं. ग्रुपवरच्या एकाने लगेच ‘आपल्याकडच्यांनी यातून शिकावं’ असं लिहिलं. इथं मात्र मी त्याच्याशी सहमत नाही. पियानोवर चुकलेला सूर चुकलेलाच ऐकू येतो. सत्तरी ओलांडलेल्या गळ्याचं तसं नाही. उतारवयातले मन्सूर ज्यांनी ऐकलेत त्यांना विचारा.

एवढं सगळं मी ग्रुपवर लिहिलं, आणि शेवटी, अनवट राग ऐकायचे तर पुण्यात छोट्या बैठका होतात, तिथं जात जा, निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात, असंही सुचवलं. त्यावर उत्तर आलं: “अरे, तिथं पार्किंग मिळत नाही.”