हातमोजा एक, शंका अनंत

घरात कुणी डॉक्टर असलं की पाहुणे त्याला कोपऱ्यात गाठून गुडघे दाखवतात. मी सुपरहिरोंची कॉमिक्स वाचते, त्यामुळे मला लोक थॅनोस नावाचा त्यातला खलनायक दाखवतात. फोनवर त्याचं जांभळं थोबाड काढून माझ्या नाकासमोर धरतात आणि म्हणतात, "हे काय प्रकरण आहे ते एकदा नीट सांगा बरं."

प्रकरण म्हणजे इन्फिनिटी गॉन्टलेट. डाव्या हातात घालायचा सोनेरी मोजा आणि त्यावर सहा खडे. अवकाश, मन, वास्तव, शक्ती, काळ, आत्मा अशी एकेका खड्याकडे एकेक खाती वाटून दिलेली. सहाही खाती एका हातात आली की नुसती चुटकी वाजवायची, विश्वातले निम्मे जीव खलास. ब्रह्मास्त्राला निदान मंत्र तरी लागायचा. विसरलात तर जग वाचायचं. इथे तीही सोय नाही.

हा मोजा कॉमिक्समध्ये १९९० च्या अखेरीस आला आणि १९९१ मध्ये त्याच्याच नावाची सहा अंकांची मालिका निघाली. लेखन जिम स्टार्लिन यांचं. चित्रं आधी जॉर्ज पेरेझ आणि नंतर रॉन लिम यांची. मी ती वाचली, मला ती बेहद्द आवडली, आणि त्यानंतर वर्षानुवर्षं मला त्याबद्दल कुणीही काहीही विचारलं नाही. काय दिवस होते ते! मग २०१८ मध्ये 'ॲव्हेंजर्स: इन्फिनिटी वॉर' आला, पुढच्या वर्षी 'एंडगेम' आला, आणि ज्यांनी जन्मात एक कॉमिक उघडलं नव्हतं त्यांनाही एकदम शंका यायला लागल्या. त्यातले बहुतेक लोक माझ्या नात्यातले आहेत.

'इन्फिनिटी वॉर' २ तास २९ मिनिटांचा आहे असं म्हणतात. आमच्या घरी तो एवढ्या वेळात कधीच संपलेला नाही, कारण रिमोट सासूबाईंच्या हातात असतो आणि त्यांना पॉजचं बटण सापडलेलं आहे. मार्व्हलच्या चित्रपटमालिकेतला हा एकोणिसावा चित्रपट. म्हणजे आधीचे अठरा बघितलेले असावेत अशी अपेक्षा. सासूबाईंनी एकही बघितलेला नव्हता. "अगं, त्यात काय एवढं, तू थोडक्यात सांग," त्या म्हणाल्या.

मी थोडक्यात सांगायला घेतलं. निळा खडा २०११ मध्ये एका चौकोनी ठोकळ्यात होता. लाल २०१३ मध्ये पातळ होऊन वाहत होता. जांभळा २०१४ मध्ये एका गोळ्यात निघाला. पिवळा आधी भाल्यात दडलेला होता, २०१५ मध्ये तो एकाच्या कपाळावर जाऊन बसला. हिरवा २०१६ मध्ये एका डॉक्टरच्या गळ्यात आला.

"डॉक्टर कसला?"

"सर्जन होता, आई. आता जादूगार आहे."

त्यांनी पॉज दाबलं. सर्जन माणसाने चांगली प्रॅक्टिस सोडून हे असलं का करावं, यावर थोडी चर्चा झाली. ती झाल्यावर मी म्हटलं, "तर हिरवा म्हणजे आत्म्याचा खडा."

"काकू, हिरवा काळाचा," पुतण्या म्हणाला. वय वर्षं लहान, आवाज न्यायाधीशाचा.

आता हे जरा सविस्तर सांगायला हवं, कारण माझं निम्मं आयुष्य यात गेलंय. मूळ कॉमिक्समध्ये आत्मा हिरवा, काळ नारिंगी, शक्ती लाल, वास्तव पिवळं, मन निळं आणि अवकाश जांभळा. चित्रपटवाल्यांनी सहाच्या सहा रंग तेच घेतले आणि एकही जागेवर ठेवला नाही! एकसुद्धा नाही. पत्ते पिसतानाही एखादं पान चुकून जागच्या जागी राहतं. वर पुढे कॉमिक्सनीही मुकाट्याने चित्रपटाचे रंग स्वीकारले. म्हणजे मी जे पाठ केलं होतं ते आता माझ्याच पुस्तकांतही उरलेलं नाही. पुतण्याला हे सगळं समजावून सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पण हिरवा काळाचाच."

रंगांचं सोडा, मोजा कुठल्या हाताचा यावरही पडद्यावर कमी गोंधळ नाही. २०११ च्या 'थॉर'मध्ये देवांच्या खजिन्यात हा मोजा ओझरता दिसतो. सहा खडे बसवलेला, आणि उजव्या हाताचा. २०१५ मध्ये थॅनोस स्वतः कपाटातून मोजा काढून हातात घालतो, तर तो डाव्या हाताचा. चाहत्यांनी आकाशपाताळ एक केलं. मग २०१७ मध्ये हेला नावाची बाई त्या खजिन्यातून चालत जाता जाता पहिला मोजा एका हाताने खाली ढकलते आणि तो खोटा असल्याचं जाहीर करून टाकते. झालं, मिटलं. कारकुनी चूक इतक्या रुबाबात दुरुस्त झालेली मी दुसरीकडे कुठे बघितलेली नाही.

पण रंग, हात, हे सगळं सोसण्यासारखं आहे. खरा छळ मध्यंतरानंतर सुरू होतो. थॅनोस आपलं तत्त्वज्ञान सांगतो: विश्वात साधनं मोजकी, तोंडं फार, माझा ग्रह असाच मेला, म्हणून निम्मे कमी करायचे, गरीब-श्रीमंत असा भेद न करता. आणि हे ऐकताना दर वेळी, अगदी दर वेळी, कुणीतरी सोफ्यावर मागे रेलून म्हणतं, "पण त्याचं म्हणणं पटतं हं."

आमच्याकडे हे काम भाऊजी करतात.

"वहिनी, पद्धत चुकीची असेल, पण मुद्दा बरोबर आहे की नाही?"

मी आधी नम्रपणे सांगत असे. मग आकडेवारीवर आले. चित्रपट आला तेव्हा जगाची लोकसंख्या साधारण ७६० कोटी होती. निम्मे म्हणजे ३८० कोटी. एवढी माणसं जगात आधी कधी होती? साधारण १९७३ च्या आगेमागे. आणि थॅनोस हे पात्र कॉमिक्समध्ये पहिल्यांदा अवतरलं ते कधी? १९७३ मध्येच, 'आयर्न मॅन'च्या ५५ व्या अंकात. म्हणजे सहा खडे गोळा करा, मुलीचा बळी द्या, ग्रहच्या ग्रह उजाड करा, आणि एवढं करून मिळवलं काय, तर आपल्याच पहिल्या अंकाच्या वेळची लोकसंख्या. तिथून पुन्हा ७६० कोटींवर यायला अर्धं शतकसुद्धा लागलं नव्हतं.

"तरी पण," भाऊजी म्हणाले.

तेवढ्यात पॉज दाबला गेला. "एवढी ताकद आहे मेल्याकडे," सासूबाई म्हणाल्या, "तर धान्य दुप्पट का नाही केलं?"

हा प्रश्न जगभरच्या प्रेक्षकांनी विचारून झालेला आहे, पण त्यांच्याकडून तो आला तेव्हा भाऊजी पहिल्यांदा सोफ्यावर सरळ बसले. सासूबाई थांबल्या नाहीत. "आणि 'सगळ्या जीवांपैकी निम्मे' म्हणतोय ना? म्हणजे गुरंढोरं, मासे, पाखरंही निम्मी. खाणारे निम्मे, खायचंही निम्मं. गाडी होती तिथेच की."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. एवढी वर्षं मी भाऊजींशी एकटीच लढत होते.

तेव्हा मी कॉमिक्समधली गोष्ट सांगायचं ठरवलं, कारण तिथे हे म्हणणं-बिणणं काही नाही. तिथे थॅनोस प्रेमात पडलेला आहे. मृत्यूच्या. मृत्यू तिथे स्त्री आहे. कधी सांगाडा, कधी सुंदर बाई, पण नेहमी गप्प. तिला वाटतं की आजवर जितके मेले त्यापेक्षा आत्ता जिवंत असलेले जास्त झालेत, हे काही बरं नाही. म्हणून हा गडी कामाला लागतो.

खडे ज्यांच्याकडे असतात त्यांना ते काय आहेत याचा पत्ताच नसतो. रनर नावाच्या वेगवान इसमाकडून हा अवकाशाचा खडा काढून घेतो आणि आधीच मिळवलेल्या काळाच्या खड्याने त्याला तान्हं बाळ करून टाकतो. मग ते बाळ काखेत मारून कलेक्टरकडे जातो. कलेक्टरला दुर्मीळ वस्तू जमवायचा नाद. बाळ घ्या, तुमच्याकडचा तो खडा द्या. सौदा पक्का. यात कुठेही ग्रहाची कळकळ वगैरे नाही, निव्वळ लबाडी आहे, आणि वाचायला इतकी मजा येते म्हणून सांगू!

मोजा हातात आल्यावर तो मृत्यूदेवीसाठी अवाढव्य मंदिर उभारतो. ती बघत नाही. चुटकी वाजवून निम्मं विश्व संपवतो. ती तरीही बोलत नाही. शेजारी मेफिस्टो नावाचा सैतान उभा असतो. तो सतत "वा महाराज, काय कल्पना!" करत डाव साधायची वाट बघतोय. शेवटी थॅनोस काय करतो, तर तिला जळवण्यासाठी मोज्याच्या ताकदीने आपल्यासाठी एक मैत्रीण तयार करतो. टेरॅक्सिया तिचं नाव. विश्वाचा सर्वशक्तिमान स्वामी, आणि युक्ती कॉलेजच्या कट्ट्यावरची.

"मग सरळ सांग ना," सासूबाई म्हणाल्या, "पोरगी हो म्हणेना म्हणून जग पेटवलं."

"अगदी तेच, आई."

"आणि याचं म्हणणं तुला पटतं?" हे भाऊजींना. भाऊजींनी पुतण्याला उगाचच झोपायची वेळ झाल्याचं सांगितलं.

सासूबाईंनी मग महाभारतातली गोष्ट काढली. ब्रह्मदेवाने मृत्यू निर्माण केली तीही स्त्रीच, आणि तीही पृथ्वीला जीवांचा भार सोसवेना म्हणूनच. पण तिला जीव घ्यायचं काम सांगितलं तर ती रडायलाच लागली, नको म्हणाली, आणि तिच्या आसवांचे रोग झाले. "आपली मृत्यू रडली तरी. ह्याची साधं तोंडही उघडत नाही." मला वाटतं जिम स्टार्लिन यांना हे कळलं असतं तर मालिका सहा अंकांत आटोपली नसती.

चित्रपट पुढे सरकला. टायटन ग्रहावर सगळे नायक मिळून थॅनोसला गुंगीत टाकून जखडतात, मोजा बोटांपर्यंत सरकवून आणतात, आता निघणार तोच त्यांच्यातल्याच पीटर क्विलचं डोकं फिरतं आणि तो त्याच्या तोंडावर ठोसे घालायला लागतो. थॅनोस जागा होतो. या जागी आमच्या घरी सगळे एकसुरात ओरडतात, आणि नवरा, जो शीर्षकं संपायच्या आत झोपतो, तो दचकून उठून "गेला का मोजा?" विचारतो. गेला नाही रे. कॉमिक्समध्येही असंच होतं: सिल्व्हर सर्फर नावाचा नायक आकाशातून वाऱ्याच्या वेगाने मोज्यावर झेप घेतो, सगळी योजना त्या एका क्षणासाठी रचलेली असते, आणि तो नेम चुकून बाजूने निघून जातो. पानभर नुसता गेलेला सर्फर. मी ते पान आजही मधूनच काढून बघते.

मग ती चुटकी. पुतण्याने झोपायला न जाता हातात स्वयंपाकघरातला ओव्हनचा मोजा घालून बघितली होती. वाजेना. "काकू, त्याची कशी वाजते?"

हा प्रश्न मात्र मला आवडला. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकच्या संशोधकांनाही हाच चित्रपट बघून हाच प्रश्न पडला आणि २०२१ मध्ये त्यांनी त्यावर रीतसर शोधनिबंध छापला. चुटकीला सुमारे ७ मिलिसेकंद लागतात. पापणी लवायला याच्या वीसपट वेळ जातो. बोटाची मऊ कातडी दबते, घर्षणाने अंगठ्याला धरून ठेवते, जोर साठतो आणि एकदम सुटतो. त्यांनी बोटांवर धातूच्या टोप्या घालून बघितलं, तर ना दाब, ना धर, चुटकीतला जोरच गेला. म्हणजे धातूच्या मोज्यात थॅनोसला खरं तर चुटकी वाजवताच येणार नाही.

"मग पुढचं काहीच झालं नसतं," भाऊजी म्हणाले. त्यांच्या आवाजात जरा निराशा होती.

'एंडगेम'ची फार कटकट झाली नाही, कारण त्यात कालप्रवास आहे आणि कालप्रवास मी समजावून सांगत नाही, ही अट सुरुवातीलाच घातली होती. थॅनोसने खड्यांनीच खडे नष्ट केले हे कळल्यावर सासूबाई "पुरावा जाळला" एवढंच म्हणाल्या. तो शेतावर राहतो आणि चिलखताचं बुजगावणं करतो, हे कॉमिक्समध्येही आहे असं सांगितल्यावर मात्र त्यांना त्याच्याबद्दल किंचित बरं वाटलं. शेवटी टोनी स्टार्क, म्हणजे आयर्न मॅन, स्वतः चुटकी वाजवतो आणि मरतो. डोळे पुसून झाले. मला वाटलं, सुटले.

मग २०२४ च्या जुलैमध्ये जाहीर झालं की पुढच्या ॲव्हेंजर्सपटात खलनायक डॉक्टर डूम, आणि तो साकारणार टोनी स्टार्क झालेलाच नट. भाऊजींचा फोन आलाच.

"वहिनी, तो मेला होता ना?"

"मेला होता, भाऊजी. हा तो नाही."

"पण चेहरा तोच?"

"चेहऱ्यावर मुखवटा आहे."

"मग तोच नाही हे कशावरून?"

मागून सासूबाईंचा आवाज आला, "आणि हा कसला डॉक्टर, विचार तिला."