परदेशात बॅग मापत नाहीत, असं कोणी सांगितलं?

परवा आमच्या घरच्या ग्रुपवर परत तोच वाद सुरू झाला. मामेभावाची केबिन बॅग सात किलोच्या वर भरली, काउंटरवर जादा पैसे भरावे लागले, त्याचा राग त्यानं ग्रुपवर काढला. इथपर्यंत मला काही म्हणायचं नाही, पैसे गेले की राग येतोच. पण त्याच्या पाठोपाठ जे वाक्य येतं ना ते ऐकून ऐकून मी वैतागलेय, "ही लूट फक्त आपल्याकडे, परदेशात बॅगेला कोणी हात लावत नाही." लगेच खाली सगळ्यांचं हो ना, अगदी खरंय, आपल्याकडे सिस्टीमच नाही वगैरे सुरू. आणि मी त्या परदेशातच राहते, आयर्लंडमध्ये, बजेट एअरलाइनच्या गावातच म्हणा, पण मला कोणी एका शब्दानं विचारलं नाही की तुमच्याकडे काय असतं.

तर आधी हे सांगा की कुठलं परदेश? मामेभावानं बघितलेलं परदेश म्हणजे ऑफिसच्या कामानं झालेली अमेरिका, मोठ्या एअरलाइनचं तिकीट, तेही कंपनीनं काढलेलं. तिथे केबिन बॅगेचं वजन सहसा करत नाहीत हे खरंय. पण त्याच अमेरिकेत साध्या तिकिटावर चेक-इनच्या पहिल्याच बॅगेला पैसे पडतात, अमेरिकन एअरलाइन्स या कंपनीनं 2008 साली 15 डॉलरनं सुरुवात केली आणि मग एकामागून एक सगळ्याच त्या वाटेनं गेल्या. साउथवेस्ट तेवढी दोन बॅगा फुकट न्यायची, तिनंही मे 2025 मध्ये बंद केलं. आणि स्पिरिट या तिथल्या बजेट एअरलाइननं तर 2010 सालीच डोक्यावरच्या कप्प्यात ठेवायच्या बॅगेचे वेगळे पैसे घ्यायला सुरुवात केली होती. हा अर्धा भाग ग्रुपवर कोणी सांगत नाही, फक्त "वजन करत नाहीत" तेवढं सांगतात.

आता माझ्याकडचं ऐका. रायनएअर या इथल्या बजेट एअरलाइनच्या साध्या तिकिटावर फुकट काय मिळतं, तर 40 बाय 30 बाय 20 सेंटीमीटरची एक छोटी बॅग, बस्स. तीसुद्धा सप्टेंबर 2025 मध्ये वाढवून एवढी झाली, त्याआधी 40 बाय 25 बाय 20 होती. म्हणजे शाळेचं दप्तर समजा, तेही पुढच्या सीटखाली सरकवायचं. आपण ज्याला केबिन बॅग म्हणतो ती चाकांची ट्रॉली नोव्हेंबर 2018 पासून साध्या तिकिटात नाहीच, ती पाहिजे तर प्रायॉरिटी नावाची वरची सोय विकत घ्या, मग 55 बाय 40 बाय 20 आणि 10 किलो. विझएअर ही दुसरी बजेट कंपनी, तिचं फुकट माप हेच 40-30-20. तिसरी इझीजेट जरा दिलदार, 45 बाय 36 बाय 20, पण त्यांनीही फेब्रुवारी 2021 पासून मोठी बॅग साध्या तिकिटातून काढून टाकली. आणि चेक-इन बॅग? ती तिकिटात असते हा समजच इथे आल्यावर पहिल्या बुकिंगला संपतो. भारतात देशांतर्गत साध्या तिकिटात 15 किलो चेक-इन, वर सात किलो केबिन, वर लॅपटॉपची बॅग किंवा पर्स, हे सगळं धरलेलं असतं आणि त्याला तुम्ही लूट म्हणता!

गेटवरचा प्रकार एकदा येऊन बघाच. रांग सुरू झाली की स्टाफमधलं कोणीतरी रांगेच्या कडेनं चालत येतं, चेहऱ्याकडे बघत नाही, बॅगांकडे बघतं. मग बोट दाखवलं जातं, तुम्ही, तुम्ही आणि तुम्ही, इकडे या. तिथे तो मापाचा लोखंडी सांगाडा ठेवलेला असतो, त्यात बॅग उतरली पाहिजे, चाकं आणि हँडल धरून. चाकांपाशीच अडकते. लोक ती कलती करतात, गुडघ्यानं दाबतात, बाहेरचा कप्पा रिकामा करून चार्जर खिशात आणि स्वेटर अंगात, एका अंगावर दोन जॅकेट चढवलेल्या बायका मी जूनमध्ये बघितल्यात, घामानं निथळणाऱ्या. सॅक असेल तर दाबून जाते, कडक बॅग जात नाही, मग तिच्यावर दुकानात मोठ्या अक्षरात केबिन साइझ लिहिलेलं का असेना. नाही उतरली तर कार्ड मशीन पुढे येतं, रायनएअरला हा आकडा 75 युरोपर्यंत जाऊ शकतो, बऱ्याचदा तिकिटापेक्षा जास्त. आणि सगळे कार्ड टेकवतात आणि पुढे जातात, आरडाओरडा क्वचितच.

हे असं का आहे त्यालाही कारण आहे. 189 सीटचं बोइंग 737 असतं, त्यात प्रत्येकानं ट्रॉली आणली तर जेमतेम निम्म्या वरच्या कप्प्यात मावतात, उरलेल्या बॅगा ऐनवेळी खाली पोटात टाकत बसायचं म्हणजे विमान लेट. या कंपन्यांचा सगळा हिशोब विमान उतरल्यापासून 25 मिनिटांत परत उडवण्यावर उभा आहे. विमान जमिनीवर उभं राहिलं की तोटा. म्हणून लोकांना बॅग कमी आणायला लावायची, आणि ज्याला हवीच आहे त्याच्याकडून पैसे घ्यायचे. रायनएअरच्या एकूण उत्पन्नातला साधारण एक तृतीयांश भाग तिकिटातून येतच नाही, बॅग, सीट, प्रायॉरिटी असल्या वरच्या गोष्टींतून येतो. ज्याच्याकडे फक्त सॅक आहे त्याचं स्वस्त तिकीट ट्रॉलीवाला भरतो, साधा मामला आहे, आणि मी सॅकवाली असते तेव्हा मला तो मान्यही असतो.

आपल्याकडेही या वाटेची सुरुवात झालेली आहे, फेब्रुवारी 2021 मध्ये डीजीसीएनं, म्हणजे आपल्या विमान वाहतुकीच्या रेग्युलेटरनं, परवानगी दिली की चेक-इन सामान नसलेल्या प्रवाशाला एअरलाइननं स्वस्त तिकीट द्यायला हरकत नाही. तेव्हा सगळ्यांना बरं वाटलं, मी कशाला 15 किलोचे पैसे भरू, बरोबरच आहे. पण इथे युरोपातही असंच सुरू झालं होतं, आधी चेक-इन वेगळं काढलं, मग ट्रॉली काढली, मग सॅकला माप लावलं. स्वस्त तिकीट मागताना ही पुढची पायरी डोळ्यासमोर ठेवा एवढंच माझं म्हणणं आहे.

आणि तो "नवीन एकच बॅग नियम" म्हणून दर दोन-तीन वर्षांनी जो फॉरवर्ड फिरतो, तो नवीन नाही हो. एका प्रवाशाला एकच हँडबॅग, हे बीसीएएसचं, म्हणजे विमानतळांची सुरक्षा बघणाऱ्या सरकारी खात्याचं, 2000 सालचं परिपत्रक आहे, सिक्युरिटीच्या रांगा तुंबू नयेत म्हणून 2022 मध्ये परत त्याची आठवण करून दिली गेली, 2024 च्या शेवटी परत बातम्या. प्रत्येक वेळी नव्यानं संताप. जो नियम इतकी वर्षं आहे तो आपण वाचलाच नाही, यात एअरलाइनचा दोष किती आणि आपला किती?

जुलै 2025 मध्ये श्रीनगर विमानतळावर जे झालं तेही याच सात किलोवरून. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे प्रवाशाकडे दोन बॅगा मिळून 16 किलो होते, जादाचे पैसे भरा म्हटल्यावर त्यानं ग्राउंड स्टाफला मारहाण केली, चार जण जखमी झाले. त्या बातमीखालीसुद्धा आमच्या ग्रुपवर एक काका लिहितात, "हात उचलला ते चूकच, पण एअरलाइनवाले पण कमी नाहीत." हा जो पण आहे ना, तिथे माझी तळपायाची आग मस्तकात जाते. काउंटरवरच्या पोराला त्या पैशातलं काय मिळतं?

इथे युरोपात भांडण कुठे होतं बघा. 2014 साली युरोपियन युनियनच्या कोर्टानं व्ह्यूलिंग या स्पॅनिश बजेट एअरलाइनच्या खटल्यात सांगितलं की चेक-इनचे वेगळे पैसे घ्या, पण हातातलं सामान हा प्रवासाचा आवश्यक भाग आहे, वजन आणि माप वाजवी असेल तर त्याला जादा आकार लावता येणार नाही. ते एक वाक्य धरून ग्राहक संघटना इतकी वर्षं लढतायत. नोव्हेंबर 2024 मध्ये स्पेनच्या ग्राहक मंत्रालयानं पाच बजेट कंपन्यांना मिळून 179 मिलियन युरोचा दंड लावला, एकट्या रायनएअरला त्यातला सगळ्यात मोठा हिस्सा. कंपन्या अर्थातच कोर्टात गेल्या. जून 2025 मध्ये युरोपियन पार्लमेंटच्या वाहतूक समितीनं मत दिलं की सीटखालची एक बॅग आणि वर सात किलोपर्यंतची एक छोटी बॅग तिकिटातच हवी. म्हणजे बघा, युरोपातले खासदार ज्या सात किलोसाठी भांडतायत ते तुम्हाला आत्ताच मिळतात. रेग्युलेटरला लिहा, ग्राहक मंचात जा, पण काउंटरवर हात उगारू नका.

आता दुसरी बाजू, नाहीतर म्हणाल ही तिकडचीच झाली. इथलं सगळं गोड नाही. रायनएअरचे प्रमुख मायकेल ओ'लिरी यांनी उघड सांगितलंय की मोठी बॅग पकडून देणाऱ्या कर्मचाऱ्याला प्रत्येक बॅगेमागे दीड युरो मिळायचा, तो नोव्हेंबर 2025 पासून अडीच युरो. हे मला अजिबात पटत नाही. नियम कडक ठेवा, पण माप घेणाऱ्या माणसाचा खिसा त्या मापावर चालत असेल तर ते माप सरळ कसं राहणार? सात किलोच्या वजनकाट्याला निदान मन नसतं, तो आकडा दाखवतो आणि तुम्हालाही दिसतो. इथे बॅग सांगाड्यात "जाते" की "कोंबली" हे समोरचा ठरवतो.

आणि तो समोरचा जेव्हा रांगेतून मला बोट दाखवतो तेव्हा काय होतं ते मी ग्रुपवर कधी लिहिलं नाही. माझा पासपोर्ट भारतीय आहे. माझ्या ऑफिसमधली मंडळी बँक हॉलिडेच्या सुट्टीत फिरायला जाताना फोनवरचा बोर्डिंग पास दाखवून सरळ आत जातात, आम्हाला आधी डेस्कवर जाऊन पासपोर्ट, रेसिडेन्स परमिट, व्हिसा दाखवायचा, त्यांनी ओके केलं की मग गेट. म्हणजे एकदा माझं माप झालेलं असतं, बॅगेचं नंतर होतं. मग गेटवर बोट आलं की डोक्यात पहिला विचार येतो, मलाच का? शेजारच्या माणसाची बॅग दिसतेय की मोठी, तो गेला की पुढे. कदाचित काही नसेल, कदाचित माझीच बॅग फुगलेली दिसत असेल. पण विचारायची माझी हिंमत होत नाही, मी मुकाट्यानं बॅग सांगाड्यात घालते आणि हसते सुद्धा. इथे मी नियम पाळणारी शहाणी प्रवासी आहे त्यातला किती भाग नियमाच्या प्रेमाचा आणि किती भाग परका असण्याचा, हे मला स्वतःला नीट सांगता येत नाही.

मुंबईला उतरले की मात्र मी वेगळी असते. तिथे काट्यावर सामान जास्त भरलं तर मी भांडते. मराठीत भांडते, ताई दादा म्हणत भांडते, अहो एवढंच तर जास्त आहे, बघा ना जरा. कारण आतून वाटत असतं की इथे तरी मला कोणी मापू नये, हे माझं आहे. पूर्वी हँडबॅगेला तो कागदी टॅग लावायचा आणि सिक्युरिटीवाला त्यावर शिक्का मारायचा, 2017 पासून मोठ्या विमानतळांवरून तो हळूहळू गेला, मला त्या टॅगची आठवण येते, कपाटातल्या एका जुन्या बॅगेच्या हँडलला त्याचा दोरा अजून आहे आणि मी तो कापलेला नाही.

तर मामेभावाचा राग मला कळतो, तो म्हणतो "आपल्याकडेच" आणि मीही तिथे पोचल्यावर आपलं म्हणूनच चिडते. फक्त त्यानं माझ्या परदेशाची खोटी साक्ष काढू नये. भांडायचंच असेल तर खऱ्या गोष्टीसाठी भांडा की, मी येते तुमच्या बाजूनं. सगळ्या एअरलाइनना केबिन बॅगेचं एकच माप असू दे, आज एका कंपनीचं 55-35-25 आणि दुसऱ्याचं वेगळं असलं चालतं ते बंद करा. जादा वजनाचा दर बुकिंगच्याच पानावर तिकिटाइतक्या मोठ्या अक्षरात असू दे, काउंटरवर पहिल्यांदा कळता कामा नये.

आणि एक आमच्यासारख्यांसाठी. आंतरराष्ट्रीय तिकिटावर 23-23 किलोच्या दोन बॅगा घेऊन माणूस मुंबईला उतरतो, पुढचं देशांतर्गत तिकीट वेगळं काढलेलं असेल तर तिथे एकदम 15 किलो. उरलेल्या 31 किलोंचे किलोमागे पैसे, पहाटे, रात्रभराच्या प्रवासानंतर, मूल कडेवर घेऊन. एकाच बुकिंगमध्ये काढलं तर बहुतेक कंपन्या सामान पुढे धरतात, पण तसं कनेक्शन सगळ्या गावांना मिळत नाही आणि मिळालं तर महाग. आंतरराष्ट्रीय बोर्डिंग पास दाखवला की 24 तासांच्या आतल्या देशांतर्गत फ्लाइटला तेच वजन चालावं, वेगळं तिकीट असलं तरी, ही मागणी डीजीसीएकडे जायला हवी. मामेभाऊ वकील आहे, मसुदा त्यानं करावा, इथल्या मराठी मंडळींच्या सह्या मी गोळा करून देते.