‘ही तर कवायत’ या प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

उद्यानातील लाइन डान्स आणि रंगभूमी यांवरील माझ्या लेखाखाली आपण लिहिले आहे : ‘रांगेत तीच चार पावले टाकणे ही रिकामटेकड्यांची कवायत आहे, नृत्य नव्हे, बागा शांततेसाठी असतात, आणि असले काही तिकीट काढून कोण पाहणार?’ मतभेदाला माझी हरकत नाही. परंतु ज्यांना आपण रिकामटेकडे म्हटले, त्यांच्यापैकी एकालाही आपण भेटलेला नाही. आमच्या रांगेत रात्रपाळी आटोपून आलेली परिचारिका असते, गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेले आजोबा असतात. त्यांच्याविषयी या भाषेत लिहिण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

आवाजाचा मुद्दा मान्य आहे. चीनमध्ये चौकांत आणि बागांत चालणाऱ्या सामूहिक नृत्यांवरून शेजाऱ्यांशी तंटे झाले ते स्पीकरमुळेच, आणि तो आवरता घ्यायलाच हवा.

राहिली कवायत. मी लहानपणापासून कथक शिकले, ततकार, म्हणजे कथकमधले पायांचे मूलभूत काम, घोटून घेणाऱ्या गुरूंच्या हाताखाली शिकले. तेव्हा तीच पावले पुन्हा पुन्हा टाकल्याने काय साधते, हे मला आपल्याकडून समजून घेण्याची गरज नाही. लाइन डान्समधले ‘ग्रेपवाइन’ हे पाऊल पाहा : उजवा पाय बाजूला, डावा त्याच्या मागून, पुन्हा उजवा बाजूला, आणि डावा नुसता टेकवायचा. चार दिशांच्या रचनेत, समजा, ३२ मात्रा संपल्या की सगळेजण पाव वळण घेतात आणि तेच आवर्तन नव्या दिशेला तोंड करून सुरू होते. अशी दोन वळणे झाली की मागच्या रांगेत दडलेला नवखा माणूस सर्वांत पुढे येतो; ज्याचे पाहून पाऊल टाकावे असे समोर कोणीच उरत नाही, आणि तरीही पाय बरोबर पडला की त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. जोडीदार लागत नाही, म्हणून एकटी आलेली बाई कडेला बसून राहत नाही. आणि आपली लेझीम? शाळेच्या मैदानावर ती व्यायाम म्हणूनच शिकवतात. पण गणपतीच्या मिरवणुकीत तिचा डाव रंगला की तिला कवायत म्हणून कोणी नाक मुरडत नाही.

तिकिटाचे म्हणाल, तर जर्मन नृत्यदिग्दर्शिका पिना बाउश यांच्या १९८२ च्या ‘नेल्केन’ या नृत्यनाट्यात नर्तक एकामागे एक चालत चार ऋतूंचे मोजके हातवारे करतात, हिवाळ्यासाठी मुठी आवळून नुसते कुडकुडतात. हातवारा एकच असतो, म्हणूनच प्रत्येकाचे शरीर वेगळे दिसते. पुढे त्यांच्या नावाच्या प्रतिष्ठानाने ही रांग सर्वांसाठी खुली केली आणि जगभरच्या हौशी लोकांनी ती रस्त्यांवर, बागांत केली. त्यांच्याच १९७८ च्या ‘कोंटाक्टहोफ’चा प्रयोग २००० साली पासष्टीपुढच्या, व्यावसायिक नर्तक नसलेल्या स्त्री-पुरुषांनी केला, आणि प्रेक्षकांनी तो नाट्यगृहात बसून पाहिला. यांपैकी काहीही न पाहता आपण ‘कोण पाहणार’ असे विचारता, याला मी टीका म्हणू शकत नाही.

उरलेल्या दोन ओळी माझ्या वयाविषयी आहेत. त्यांना उत्तर देणार नाही.