चिनी कंपनीविरुद्धचा निवाडा कागदावरच राहतो, हे खरं नाही

आयातदारांच्या आणि छोट्या कारखानदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: चिनी कंपनीशी करार करताना लवादाचं कलम (वाद कोर्टाऐवजी दोन्ही बाजूंनी नेमलेल्या पंचांकडे, म्हणजे लवादाकडे न्यायचा, असं) घालण्यात अर्थ नाही, कारण चीनमधली न्यायालयं परदेशी निवाडे, म्हणजे तिकडच्या लवादांचे निर्णय, मानतच नाहीत. त्यापेक्षा वाद आपल्या इथल्या कोर्टात चालेल असं लिहून घ्यावं. कोणी लवादाचा आग्रह धरलाच, तर ‘मुंबई’ किंवा ‘सिंगापूर’ एवढं टाकावं, बाकी मजकूर कुठूनही उचलला तरी चालतो. आणि तसंही लवाद हा बड्या कंपन्यांचा मामला आहे; पन्नास लाखांचं मशीन घेणाऱ्याने पैसे बुडाले तर बुडाले समजावं.

यातलं एकही विधान जसंच्या तसं टिकत नाही. शेवटच्यात थोडं तथ्य आहे, त्याकडे येतोच. पण मला संताप येतो तो परिणामाचा. इचलकरंजीत एअरजेट माग मागवणारा किंवा भोसरीत सीएनसी मशीन बसवणारा माणूस हे वाचून ठरवतो की कलम नुसतं शोभेचं आहे, आणि समोरून येईल त्या कागदावर सही करून मोकळा होतो. पुढे वसुली अडते ती त्या सहीमुळे, आणि खापर फुटतं चिनी कोर्टांवर.

‘चीनमधली न्यायालयं परदेशी निवाडे मानत नाहीत.’

परदेशी लवादाच्या निवाड्यांची अंमलबजावणी 1958 च्या न्यूयॉर्क करारावर चालते. भारताने त्याला 1960 मध्ये मान्यता दिली, चीन 1987 मध्ये सामील झाला. भारतात झालेला निवाडा घेऊन चिनी कंपनी जिथे आहे तिथल्या मध्यम स्तराच्या लोक न्यायालयात (चीनमधल्या सरकारी न्यायालयांना ‘लोक न्यायालय’ म्हणतात) जाता येतं, आणि त्या न्यायालयाला वादाच्या गुणदोषांत पुन्हा शिरता येत नाही. नकाराची कारणं न्यूयॉर्क करारातच मोजून दिलेली आहेत: नोटीस नीट मिळाली नाही, लवाद मंडळ ठरल्याप्रमाणे नेमलं नाही, मंडळाने कक्षेबाहेर जाऊन निर्णय दिला, सार्वजनिक धोरणाला, म्हणजे देशाच्या मूलभूत कायदेशीर तत्त्वांना, बाध येतो, अशी.

स्थानिक कोर्ट स्थानिक कंपनीला पाठीशी घालेल, ही भीती मात्र हवेतली नव्हती. ती चीनच्या सर्वोच्च लोक न्यायालयालाही ठाऊक होती, म्हणून त्याने 1995 मध्ये एक पद्धत घालून दिली. परदेशी निवाडा मान्य करायचा असेल तर खालचं न्यायालय स्वतःच करू शकतं. नाकारायचा असेल तर त्याने आधी प्रांताच्या उच्च न्यायालयाला कळवायचं, आणि तिथेही नकारच योग्य वाटला तर प्रकरण बीजिंगला पाठवायचं. सर्वोच्च न्यायालयाची संमती आल्याशिवाय नकाराचा आदेश काढता येत नाही.

ही पद्धत प्रत्यक्षात कशी चालते ते टीसीएलच्या प्रकरणात दिसतं. ऑस्ट्रेलियातल्या कॅस्टेल इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने ग्वांगडोंग प्रांतातल्या झोंगशान इथल्या टीसीएल एअर कंडिशनरविरुद्ध ऑस्ट्रेलियात निवाडा मिळवला. टीसीएल म्हणजे त्या भागातलं बडं नाव. झोंगशानच्या न्यायालयाने तर निवाडा झाल्यानंतर, वेगळ्या अर्जावर, लवादाचं कलमच अवैध ठरवलं होतं. तरीही अंमलबजावणीचा प्रश्न वर गेल्यावर 2013 मध्ये सर्वोच्च लोक न्यायालयाने कळवलं, की एवढ्यावरून या निवाड्याने सार्वजनिक धोरणाला बाध येत नाही. स्थानिक न्यायालयाचा स्वतःचा आदेश विरोधात असताना परदेशी कंपनीच्या बाजूने आलेलं हे उत्तर आहे.

नकार मिळालेली प्रकरणंही आहेत, ती लपवायचं कारण नाही. 2008 मध्ये सर्बियाच्या हेमोफार्म कंपनीचा निवाडा सार्वजनिक धोरणाच्या कारणावरून नाकारला गेला. तिथे चिनी न्यायालयाने आधीच हाताळलेल्या वादात लवाद मंडळाने हात घातला होता. पण एका प्रकरणावरून सगळ्या देशाचा निष्कर्ष काढायचा, तर आपल्याकडेही बघावं लागेल. ओडिशातल्या कमलांगा वीज प्रकल्पाच्या वादात सेपको या चिनी कंपनीला भारतातल्या लवादाने 2020 मध्ये सुमारे 995 कोटींचा निवाडा दिला. ओरिसा उच्च न्यायालयाने तो रद्द केला आणि सप्टेंबर 2025 मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द करणं कायम ठेवलं. उद्या शांघायच्या एखाद्या ग्रुपवर ‘भारतात चिनी कंपनीला न्याय मिळत नाही’ असा मजकूर याच एका खटल्यावर फिरला, तर आपण तो मान्य करू का?

‘त्यापेक्षा आपल्या इथल्या कोर्टात दावा लावावा.’

या सल्ल्याने सगळ्यात जास्त माणसं अडकतात. पुण्याच्या किंवा मुंबईच्या कोर्टाचा हुकूमनामा चीनमध्ये बजावायचा कसा? भारत आणि चीन यांच्यात दिवाणी निकालांच्या परस्पर अंमलबजावणीचा तह नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 44-अ खाली भारताने ज्या देशांना परस्पर मान्यता दिली आहे, त्यांत चीन नाही. म्हणजे तुम्ही पाच वर्षं दावा चालवला, जिंकलात, तरी तो हुकूमनामा त्या कंपनीच्या भारतातल्या मालमत्तेपुरताच उपयोगी. आणि निंगबोतल्या किंवा फोशानमधल्या मशीन बनवणाऱ्याची भारतात मालमत्ता बहुधा नसतेच. निवाड्याला मागे न्यूयॉर्क करार आहे, हुकूमनाम्याला तसा काही आधार नाही. चीनसोबतच्या करारात लवाद घालायचा तो मुळात यासाठी.

‘मुंबई किंवा सिंगापूर लिहा, बाकी तपशिलाला महत्त्व नाही.’

सगळं महत्त्व तपशिलालाच आहे. नोबल रिसोर्सेस या सिंगापूरच्या कंपनीचं उदाहरण घ्या. लोहखनिजाच्या करारात तीन लवाद (निवाडा देणारे पंच) नेमायचे असं लिहिलं होतं. वाद झाल्यावर सिंगापूरच्या लवाद केंद्राने जलद पद्धतीखाली एकच लवाद नेमला. चिनी बाजूने त्याच वेळी हरकत घेतली होती. निवाडा नोबलच्या बाजूने लागला, पण 2017 मध्ये शांघायच्या न्यायालयाने तो नाकारला: कलमात तीन होते, बसला एक. यात पक्षपात शोधण्यात अर्थ नाही. ‘जलद पद्धत लागू झाल्यास एकच लवाद’ एवढं वाक्य कलमात असतं तर ही हरकतच उभी राहिली नसती.

आमच्याकडे येणाऱ्या कागदांत दोन चुका सारख्या दिसतात. एक, ‘वाद लवादाकडे किंवा न्यायालयाकडे नेता येईल’ असं लिहिलेलं कलम. चीनच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 2006 च्या नियमांप्रमाणे असं कलम मुळातच अवैध धरलं जातं, दुसऱ्या बाजूने हरकत न घेता लवादात भाग घेतला तरच गोष्ट वेगळी. दोन, ‘लवाद बीजिंगमध्ये होईल’ एवढंच लिहून संस्थेचं नाव न देणं. बीजिंगमध्ये लवाद संस्था एकाहून अधिक आहेत, आणि कुठली ते ठरलं नाही तर कलम कोलमडतं. सप्टेंबर 2025 मध्ये चीनने लवाद कायदा सुधारला, तो 1 मार्च 2026 पासूनचा. त्यात संस्थेशिवायच्या लवादाला वाट करून दिली आहे, पण ती सागरी वादांसारख्या मोजक्या प्रकारांपुरती. मशीनच्या खरेदीला संस्थेचं पूर्ण, अचूक नाव लागतंच. सायटॅक ही बीजिंगची 1956 सालची संस्था निवडत असाल तर लवादाची भाषा इंग्रजी हेही लिहा; काहीच ठरलेलं नसेल तर तिथे चिनी भाषा धरली जाते.

आता ठिकाणाचा प्रश्न. लवाद मुंबईत किंवा सिंगापुरात चालू असताना समोरच्याने चीनमधलं बँक खातं रिकामं करायला घेतलं, तर मुख्य भूमीतल्या, म्हणजे हाँगकाँग-मकाव सोडून उरलेल्या चीनमधल्या, न्यायालयाकडून ते गोठवून घेण्याची सोय, सागरी बाबी सोडल्या तर, जवळपास नाही. हाँगकाँगमध्ये लवाद असेल तर आहे. 1 ऑक्टोबर 2019 पासून लागू झालेल्या व्यवस्थेप्रमाणे, हाँगकाँगमधल्या ठरावीक संस्थांपुढे लवाद चालू असेल तर त्या संस्थेमार्फत मुख्य भूमीच्या न्यायालयाकडे मालमत्ता गोठवण्याचा अर्ज करता येतो. पहिला आदेश शांघायच्या सागरी न्यायालयाने त्याच महिन्याच्या 8 तारखेला काढला. तारण द्यावं लागतं, हे खरं. पण निवाडा हातात येईपर्यंत खात्यात काही उरलेलं असावं, यापेक्षा मोठी गरज वसुलीत दुसरी कुठली?

हाँगकाँगचा निवाडा भारतात चालेल का, असंही विचारतात. चालतो. केंद्र सरकारने 19 मार्च 2012 च्या अधिसूचनेने हाँगकाँग आणि मकावसह चीनला न्यूयॉर्क कराराच्या प्रदेशांत धरलं आहे. म्हणूनच मालाचा ऍडव्हान्स भरून बसलेल्या खरेदीदाराला मी मुंबईऐवजी हाँगकाँग सुचवतो. मुंबईत 2016 पासून आंतरराष्ट्रीय लवाद केंद्र आहे, त्याचं काम वाढावं असं मला मनापासून वाटतं. पण समोरच्याची मालमत्ता जिथे आहे तिथला दरवाजा आधी बघायला हवा.

आणि या सगळ्याच्या आधीची गोष्ट: तुमचा करार नेमका कोणाशी आहे? एका कारखानदाराला आलेला प्रोफॉर्मा इन्व्हॉइस (माल पाठवण्याआधी विक्रेता देतो ते कच्चं बिल) बघायला मिळाला. वर इंग्रजीत कारखान्याचं नाव, शेवटी ‘मशिनरी कंपनी लिमिटेड’. खाली बँकेचं खातं हाँगकाँगचं, तेही दुसऱ्याच नावाने. सहीवर आयताकृती निळा शिक्का, ‘फॉर अँड ऑन बिहाफ ऑफ’ असा. कारखान्याच्या बाजूचा कुठलाच अधिकृत ठसा त्या कागदावर नव्हता. चीनमध्ये कंपनीचं कायदेशीर नाव चिनी अक्षरांतलंच असतं. इंग्रजी नाव ती आपल्या सोयीने वापरते, उद्या बदलते. तिची ओळख 18 अंकी-अक्षरी नोंदणी क्रमांकावरून पटते, आणि तो सरकारच्या सार्वजनिक नोंदवहीत तपासता येतो. अधिकृत शिक्का सहसा गोल आणि लाल असतो, मध्ये पाचटोकी तारा, कडेने चिनी अक्षरांत नाव. चिनी नाव, नोंदणी क्रमांक आणि हा शिक्का, तिन्ही करारावर एकमेकांशी जुळले पाहिजेत. नाहीतर निवाडा मिळेल तो एखाद्या रिकाम्या डब्यासारख्या कंपनीविरुद्ध, आणि तो कुठल्याच न्यायालयाला वसूल करून देता येणार नाही.

‘हे बड्या कंपन्यांचं काम आहे.’

दहा-पंधरा लाखांच्या व्यवहाराला आंतरराष्ट्रीय लवाद परवडत नाही, इतपत खरं आहे. तिथे एलसी (बँकेचं पतपत्र), माल निघण्याआधीची तपासणी आणि टप्प्याटप्प्याने पैसे, हेच उपाय. पण त्याच्या वरच्या व्यवहारांना संक्षिप्त पद्धती आहेत. सायटॅकमध्ये 50 लाख युआनपर्यंतचे वाद, म्हणजे साधारण सहा कोटी रुपये, एकाच लवादापुढे चालतात आणि लवाद नेमल्यापासून तीन महिन्यांत निवाडा द्यायचा असतो. मधल्या आकाराच्या आपल्या बहुतेक आयातदारांचे वाद या मर्यादेत बसतात. निवाडा हाती आल्यावर चिनी न्यायालयाकडे दबाव आणायची साधनंही आहेत. ऐपत असून पैसे न देणाऱ्या कंपनीचं नाव बुडव्यांच्या जाहीर यादीत जातं, तिच्या प्रमुखाच्या विमानप्रवासावर आणि हायस्पीड रेल्वेच्या तिकिटांवर बंधनं येतात. धंदा चालू ठेवायचा असलेल्या मालकाला हे जड जातं.

खर्चाइतकीच काळजी कागदांची आणि मुदतीची घ्यायला हवी. निवाडा आणि करार यांचं प्रमाणित चिनी भाषांतर लागतं. चीन नोव्हेंबर 2023 पासून अपॉस्टिल करारात (एकाच सरकारी प्रमाणपत्रावर एकमेकांचे कागद मान्य करणाऱ्या देशांच्या करारात) आला, पण भारताने त्याच्या प्रवेशावर हरकत घेतल्यामुळे दोन देशांत तो लागू झाला नाही. भारतातल्या कागदांना दूतावासाच्या प्रमाणीकरणाचा जुना रस्ता धरावा लागतो आणि त्यात वेळ जातो. चीनमध्ये अंमलबजावणीचा अर्ज करायची मुदत फक्त दोन वर्षं आहे, निवाड्यात पैसे द्यायला दिलेली तारीख उलटल्यापासून. आपल्याकडे हुकूमनाम्याला बारा वर्षं मिळतात, त्या सवयीने लोक निवाडा कपाटात ठेवून समोरच्याशी फोनवर बोलत बसतात.

ज्यांनी आधीच गळका करार केला आहे, त्यांच्यासाठी एक वाट अजून उघडी आहे. लवादाचा करार नंतर, अगदी वाद सुरू झाल्यावरही करता येतो, दोन्ही बाजूंची सही असली की झालं. शेवटचा हप्ता द्यायचा बाकी असेल, सुट्या भागांची पुढची ऑर्डर जायची असेल, तर ती देण्याआधी एक पानी पुरवणी करार पुढे करा: चिनी नाव, नोंदणी क्रमांक, लाल शिक्का, संस्थेचं पूर्ण नाव, ठिकाण, भाषा, लवादांची संख्या. पैशांची वाट बघणारा विक्रेता त्या क्षणी सही करायला सहसा तयार असतो. हप्ता एकदा गेला की त्याला तसं कारण उरत नाही.