टेल्युराइड मिक्सरमध्ये दळू नका

"जुन्या कूलिंग प्लेटमधले बिस्मथ टेल्युराइडचे ठोकळे मिक्सरमध्ये दळा, पूड दाबून तव्यावर भाजा. वीज ४० टक्के जास्त! अंगाच्या उष्णतेवर फोन चार्ज होईल. कंपन्या हे दडवतात." हा मेसेज वाचून माझ्या भाच्याने प्लेट उचकटली आणि मला विचारलं, "मामा, मिक्सरचं कुठलं भांडं घेऊ?"

कुठलंच नाही. बिस्मथ टेल्युराइड हा दोन बाजूंच्या तापमानातल्या फरकातून वीज बनवणारा पदार्थ. त्यातलं टेल्युरियम पोटात किंवा फुप्फुसात गेलं की शरीरात त्याचं डायमिथाइल टेल्युराइड बनतं आणि श्वासाला लसणासारखा वास येत राहतो. जास्त तापमानाच्या काही मॉड्यूलमध्ये (अशाच प्लेटमध्ये) तर लेड टेल्युराइड असतं, म्हणजे शिसं. ती पूड ज्या भांड्यात दळायची त्यातच उद्या चटणी वाटणार? तव्यावर तापवली की विषारी धूर निघेल तो वेगळाच. आणि मेसेजमध्ये साध्या मास्कचाही उल्लेख नाही! मुलांच्या हाती असलं काही देताना लिहिणाऱ्याला काहीच कसं वाटत नाही?

दळण्याने फायदा होतो, एवढं मान्य करावं लागेल. २००८ साली 'सायन्स'मध्ये आलेल्या संशोधनात बिस्मथ अँटिमनी टेल्युराइड बॉल मिलमध्ये (गोळ्यांनी दळणाऱ्या यंत्रात) नॅनो आकारापर्यंत दळून हॉट प्रेसने (तापवून दाबणाऱ्या यंत्राने) घट्ट केलं होतं. १०० अंश सेल्सियसला झेडटी (पदार्थ उष्णतेची वीज किती चांगली करतो ते सांगणारा आकडा) साधारण १ वरून १.४ झाला. दाण्यांच्या असंख्य सीमांवर फोनॉन (उष्णता वाहून नेणारी कंपनं) विखुरतात, उष्णता अडते, वीज मात्र बऱ्यापैकी वाहते. 'चाळीस टक्के' आले ते इथून. पण झेडटी म्हणजे वीज नव्हे. एक बाजू १०० अंशांवर, दुसरी २७ वर आणि झेडटी सगळीकडे तेवढाच धरला, तरी कार्यक्षमता सुमारे ३.७ वरून ४.६ टक्क्यांवर जाते.

शिवाय असं दळण आरगॉन भरलेल्या बंद भांड्यात होतं, कारण बारीक पूड ऑक्सिजन पटकन धरते. टिन सेलेनाइड या अशाच दुसऱ्या पदार्थात हे स्पष्ट दिसलं: दाण्यांवरचा टिन ऑक्साइडचा थर उष्णता वाहून नेत होता. तो काढल्यावर बहुस्फटिकी (अनेक दाण्यांच्या) नमुन्याचा झेडटी ७८३ केल्विनला ३.१ च्या आसपास गेला (२०२१, 'नेचर मटेरियल्स'). उघड्या मिक्सरमध्ये नेमकं उलटं होणार. वर हाताने दाबलेली पूड सच्छिद्र राहते, म्हणजे वीजवहनही घटतं.

अंगाच्या उष्णतेचं म्हणाल तर ३७ आणि २५ अंशांमध्ये आदर्श यंत्राच्याही कार्यक्षमतेची मर्यादा चार टक्क्यांखाली आहे. त्यावर घड्याळ चालेल, फोन नाही. आणि दडवादडवी? पद्धत २००८ पासून छापील आहे.