मेलेला मित्र दारात उभा राहतो तेव्हा

काल गौरी-गणपतींचे विसर्जन झाले. आज दुपारी मुंबईहून आलेली मुले माजघरात टीव्हीसमोर बसून बीबीसीची 'शेरलॉक' मालिका पाहत होती. मेला असे सगळ्यांनी धरलेला गुप्तहेर शेरलॉक होम्स दोन वर्षांनी परत येतो, तो २०१४ सालचा भाग लागला होता. त्याचा जिवलग मित्र डॉक्टर वॉटसन हॉटेलात बसलेला असतो, मेरीला लग्नाचे विचारण्याच्या तयारीत, आणि होम्स वेटरच्या सोंगात, ओठावर मिशी रंगवून, त्याच्या टेबलाशी येऊन उभा राहतो. वॉटसन त्याला ओळखतो आणि त्याच्या अंगावर धावून जातो. त्या हॉटेलातून दोघांना बाहेर काढतात, मग दुसऱ्या ठिकाणी तेच, मग तिसऱ्या ठिकाणी, आणि शेवटी होम्सचे नाक फुटते. मुले पोट धरून हसत होती.

मी काहीच बोलणार नव्हतो. पण भाचा म्हणाला, "मामा, पुस्तकातला वॉटसन म्हणे चक्कर येऊन पडतो. त्यापेक्षा हे कितीतरी खरं वाटतं." बाकीच्यांनी माना डोलावल्या. तेव्हापासून माझे मन थाऱ्यावर नाही, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

तो चक्कर येण्याचा प्रसंग ज्यांनी वाचला आहे, त्यांना मी वेगळे काय सांगणार? होम्सचे जनक कॉनन डॉयल यांनी १८९३ साली 'द फायनल प्रॉब्लेम' ही कथा लिहून होम्सला स्वित्झर्लंडमधल्या रायकेनबाखच्या धबधब्यात ढकलले आणि १९०३ साली 'द एम्प्टी हाऊस'मध्ये त्याला परत आणले. कथेतल्या काळाने मधे तीन वर्षे जातात. वॉटसनला रस्त्यात एका पाठीत वाकलेल्या म्हाताऱ्याचा धक्का लागतो आणि त्याच्या हातची पुस्तके खाली पडतात. तोच म्हातारा मागोमाग त्याच्या घरी येतो आणि सांगतो की त्या दुसऱ्या फळीवर मोकळी जागा दिसते, तिथे ही पाच पुस्तके बरोबर बसतील. वॉटसन मान वळवून कपाटाकडे पाहतो, परत वळतो, तर टेबलापलीकडे होम्स हसत उभा. वॉटसन उठतो, काही क्षण बघत राहतो आणि कोसळतो. शुद्धीवर येतो तेव्हा त्याची कॉलर सैल केलेली असते, ओठांवर ब्रँडीची चव असते आणि होम्स त्याच्यावर ओणवा होऊन हजारदा क्षमा मागत असतो. मग वॉटसन काय करतो? होम्सचा दंड घट्ट धरून पाहतो. माणूस खराच आहे ना, एवढीच त्याला खात्री हवी असते.

हे खोटे वाटते म्हणे!

मी सातवीत असताना आमच्या वाडीतल्या तांडेलकाकांची लाँच नारळी पौर्णिमेनंतरच्या एका वादळात सापडली. आमचे अण्णा शाळेत मास्तर आणि काका दर्यावर जाणारे, पण दोघे एकत्र वाढलेले, एका पानात जेवलेले. आठ दिवस झाले, दहा झाले. हर्णै बंदरात लिलावाच्या वेळी लोक हलक्या आवाजात बोलत आणि अण्णा आले की गप्प होत. अकराव्या रात्री मुक्कामाची एसटी येऊन गेल्यावर खळ्यात पावले वाजली. अण्णा पडवीत कंदिलाशी वह्या तपासत होते. त्यांनी मान वर केली. समोर तांडेलकाका उभे, अंगात कोणाचा तरी ढगळ सदरा. इंजिन बंद पडून लाँच वाहत वाहत गुजरातच्या किनाऱ्याला लागली होती, हे आम्हाला नंतर कळले. अण्णा उठले, आणि उठले तसे मटकन खाली बसले. वह्यांचा गठ्ठा घसरून जमिनीवर पसरला, लाल शाईची दौत कलंडली, तरी त्यांचे तिकडे लक्ष नव्हते. काका पुढे येऊन बसले. अण्णांनी त्यांचे मनगट धरले, हात उलटा केला आणि तळव्यावरच्या दोरीच्या घट्ट्यांवरून अंगठा फिरवत राहिले. बराच वेळ. मग एवढेच विचारले, "जेवलास?"

म्हणून पुस्तकातल्या वॉटसनने होम्सचा दंड धरलेला मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला त्यात काहीच नवल वाटले नाही. माझ्या घरात मी ते पाहिले होते.

ब्रिटनच्या ग्रॅनाडा टेलिव्हिजनच्या होम्स-मालिकेने हे जपले. जेरेमी ब्रेट यांचा होम्स १९८४ पासून १९९४ पर्यंत आला, एकूण एक्केचाळीस भाग. 'द फायनल प्रॉब्लेम'पर्यंत वॉटसन डेव्हिड बर्क होते आणि 'द एम्प्टी हाऊस'पासून एडवर्ड हार्डविक आले. म्हणजे कड्याच्या टोकाशी होम्सला हाका मारणारा नट वेगळा आणि त्याला परत आलेला पाहून कोसळणारा नट वेगळा. हार्डविक यांच्या वाट्याला पहिल्याच भागात हे काम आले, आणि तरीही मधल्या तीन वर्षांचे ओझे त्यांच्या चेहऱ्यावर दिसते. लोक मात्र ब्रेट चांगला की बीबीसीचा कंबरबॅच चांगला, एवढ्यावरच भांडत बसतात. होम्सचे नाक, होम्सची टोपी, होम्सचा कोट! मी तरी कोणतेही रूपांतर पाहायला बसलो की आधी वॉटसनकडे पाहतो. होम्स झालेल्या बॅसिल रॅथबोन यांच्या १९३९ ते १९४६ मधल्या चौदा चित्रपटांत वॉटसनला केवळ हसण्यासाठी ठेवलेला बावळट म्हातारा करून टाकले, ते मला कधीच सहन झाले नाही. मैवंदच्या लढाईत गोळी खाऊन आलेला लष्करी डॉक्टर आहे तो. अफगाणिस्तानच्या मोहिमेवर निघालेला हा माणूस प्रथम आपल्या मुंबईच्या बंदरात उतरला होता, असे तो स्वतःच सांगतो. त्याला मूर्ख ठरवायचे, आणि मग होम्ससारख्या माणसाने आयुष्यभर त्याच्याशीच मैत्री का ठेवली, याचे उत्तर कोणी द्यायचे?

ग्रॅनाडाच्या शेवटच्या भागांची मात्र रया गेली, हे मान्य करतो. ब्रेट आजारी होते, आणि एका भागात तर बरेचसे काम होम्सचा भाऊ मायक्रॉफ्ट याच्यावर सोपवावे लागले. बीबीसीच्या मालिकेत वॉटसन झालेले मार्टिन फ्रीमन हे उत्तम नट आहेत, हेही मान्य. धावून जाण्याआधीचे त्यांचे ते काही क्षण, तोंडातून शब्द फुटत नाही तेव्हाचे, मी आज भाच्याला दाखवले. तिथेच थांबले असते तर मी हे काहीच लिहिले नसते.

भाच्याने आणखी एक मुद्दा काढला, आणि तो मला संध्याकाळभर टोचतो आहे. तो म्हणाला, "मामा, तांडेलकाका मुद्दाम नव्हते गेले. होम्सने तीन वर्षं भावाला सगळं सांगितलं आणि वॉटसनला नाही. मला असं कोणी केलं तर मी मारेनच." खरे आहे. मायक्रॉफ्टला ठाऊक होते, वॉटसनला नव्हते. आजारी बाईला पाहायला म्हणून वॉटसनला खोट्या चिठ्ठीने धबधब्यापासून माघारी नेले होते; आपण तिथे असतो तर, हे त्याने तीन वर्षे उगाळले असणार. होम्सची वागणूक क्रूरच होती, आणि डॉयल यांनी वॉटसनला त्याबद्दल दोन कडक शब्द बोलायला लावायला हवे होते.

आणि आता लिहिता लिहिता आठवते आहे ते सांगतो, कारण लपवण्यात अर्थ नाही. अण्णाही रागावले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते वाडीत गेले आणि तांडेलकाकांना सगळ्यांदेखत बोल बोल बोलले. इंजिन नीट करून घे म्हणून मी दोनदा सांगितले होते, घरात पोरे आहेत, आम्ही दहा रात्री कशा काढल्या ते तुला काय ठाऊक, असे बरेच काही. आवाज चिरकला होता. काका मान खाली घालून जाळ्याची गाठ सोडवत बसले होते. तेव्हा बाजूला उभ्या असलेल्या एकाही माणसाला हसू आले नाही. भाच्याला मी हेच सांगत होतो. वॉटसनने होम्सला खुशाल मारावे, मला त्याचा राग नाही. पण त्या मारण्याची मौज करून, तीन दुकानांतून तीनदा फिरवून, प्रेक्षकांकडून हशा वसूल करायचा, म्हणजे त्या माणसाने रडत काढलेली वर्षे हातोहात पुसून टाकायची. मुले हसली यात मुलांचा दोष नाही, हे दुपारी मला सुचले नाही. मी जरा जास्तच बोललो. बहीण स्वयंपाकघरातून बाहेर आली, इतका माझा आवाज चढला होता.

नंतर मी जुना भाग दाखवायला डीव्हीडी काढली. भाचा शेजारी येऊन बसलाही. पण आमच्या दमट हवेत तबकडीची वाट लागली आहे; म्हातारा पुस्तके घेऊन खोलीत येतो, आणि वॉटसन कपाटाकडे मान वळवणार एवढ्यात चित्र अडकते. तीनदा पुसून लावली, तीनदा तिथेच अडकली. दापोली, हर्णै, आंजर्ले या बाजूला कोणाकडे ग्रॅनाडाचा 'द एम्प्टी हाऊस' चांगल्या स्थितीत असेल तर कृपया कळवा, मी स्वतः येऊन घेऊन जाईन. भाचा परवा सकाळच्या गाडीने निघतो आहे.