लिंक्डइनची ओळख मेलपर्यंत न्या, पण हाताने

लिंक्डइन, म्हणजे कामाच्या ओळखींचं संकेतस्थळ, 'तुमचे कॉन्टॅक्ट्स जोडा' असं सुचवतं, तेव्हा ते बटण दाबू नका. मेलच्या पत्त्यांच्या वहीत फक्त कामाची माणसं नसतात. जुने घरमालक, बँकेचा तक्रार विभाग, दहा वर्षांपूर्वी नकार कळवलेला एचआर, सगळे तिथे असतात. घाईत 'सगळे निवडा' झालं की या सगळ्यांना तुमच्या नावाने निमंत्रणं जातात. अमेरिकेत यावरून लिंक्डइनवर दावाही झाला होता. निमंत्रणाला उत्तर न देणाऱ्यांना वापरकर्त्याच्याच नावाने पुन्हा आठवणीचे मेल जात होते, ही मुख्य तक्रार होती. २०१५ साली १ कोटी ३० लाख डॉलरवर तडजोड झाली. वही आधीच जोडली असेल तर सेटिंग्जमधल्या सिंक केलेल्या कॉन्टॅक्ट्सच्या पानावर जाऊन ती काढून टाका आणि मोबाइलमध्ये ॲपला दिलेली कॉन्टॅक्ट्सची परवानगीही बंद करा.

तरीही लिंक्डइन आणि मेल जोडायला हवेतच. लिंक्डइनवर माणूस सापडतो, त्याने नोकरी बदललेली कळते. पण तिथला मेसेज भरतीवाल्यांच्या आणि विक्रीवाल्यांच्या गर्दीत बुडतो. मेल शोधता येतो, पुढे पाठवता येतो, वर्षभराने त्याच धाग्यावर (म्हणजे जुन्या मेलालाच जोडून) उत्तर देता येतं. कामाचं नातं टिकतं ते मेलवर, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग जोडायचं कसं? उलट दिशेने: मेलची वही लिंक्डइनला न देता लिंक्डइनची यादी आपल्याकडे घ्या. 'सेटिंग्ज अँड प्रायव्हसी'मध्ये 'डेटा प्रायव्हसी', त्यात 'गेट अ कॉपी ऑफ युअर डेटा', आणि तिथे फक्त 'कनेक्शन्स'वर खूण करा. थोड्या वेळाने मेलवर लिंक येते आणि सीएसव्ही फाइल (एक्सेलमध्ये उघडणारी साधी यादी) मिळते. नाव, कंपनी, पद आणि कधी जोडले गेलात ती तारीख, हे सगळं त्यात असतं. मेलचा रकाना मात्र बहुतेक ठिकाणी रिकामा दिसेल. फाइल बिघडलेली नसते. आपला पत्ता ओळखीच्यांना उतरवून घेऊ द्यायचा की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं, आणि बहुतेकांनी ती परवानगी दिलेली नसते. पत्ते अंदाजाने बनवणारी किंवा विकणारी साधनं वापरून तो रकाना भरू नका. ज्याने पत्ता दिलेला नाही त्याला आलेला मेल पहिल्याच ओळीत परका वाटतो.

एक अडचण आपल्याकडची. देवनागरीत लिहिलेली नावं असलेली फाइल एक्सेलमध्ये थेट डबल-क्लिक करून उघडली की अक्षरांचा चुथडा होऊ शकतो, कारण एक्सेल तिचं यूटीएफ-८ एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवण्याची पद्धत, ओळखत नाही. 'डेटा'मधून 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' घ्या आणि एन्कोडिंग ६५००१ (म्हणजेच यूटीएफ-८) निवडा, किंवा सरळ गूगल शीट्समध्ये उघडा. फाइलच्या सुरुवातीला सूचनेच्या ओळी असतील तर त्या काढा, नाहीतर शीर्षकांची ओळ चुकते.

आता यादी चाळा आणि ३०-४० नावं निवडा. हजार नकोत. ज्यांच्याशी खरंच काम झालंय, किंवा येत्या वर्षात होऊ शकतं, तेवढीच. त्यांना आधी लिंक्डइनवरच दोन ओळी लिहा: कुठे भेटलो, काय हवंय, आणि 'सविस्तर मेलवर पाठवू का, कोणत्या पत्त्यावर?' पत्ता आला की गूगल कॉन्टॅक्ट्समध्ये घाला, 'पुरवठादार', 'जुने सहकारी' असं लेबल लावा, आणि नोंदीच्या रकान्यात ओळख कुठे झाली, शेवटचं बोलणं कशावर झालं ते लिहा. सगळ्यात उपयोगी रकाना तोच, आणि बहुतेकजण तोच कोरा ठेवतात.

पहिला मेल १००-१२० शब्दांचा पुरे. विषयाच्या ओळीत 'नमस्कार' किंवा 'एक विनंती' नको. 'पुण्यातील पॅकेजिंग प्रदर्शन: नालीदार खोक्यांचे नमुने' असं लिहिलंत तर सहा महिन्यांनी शोधताना दोघांनाही सापडतं. एका मेलात एकच मागणी ठेवा. उत्तर नाही आलं तर आठ-दहा दिवसांनी त्याच धाग्यावर एकदाच आठवण द्या, त्यानंतर थांबा.

सर्वांना बीसीसी करून, म्हणजे एकमेकांना पत्ते न दिसतील असा एकच मेल धाडून, दिवाळीच्या शुभेच्छा पाठवण्याने नातं जुळत नाही. जीमेलच्या साध्या खात्यावर दिवसाला साधारण ५०० जणांची मर्यादा असते, ती ओलांडली की पाठवणंच काही काळ थांबतं. त्याहून वाईट म्हणजे बऱ्याच जणांनी 'स्पॅम' दाबलं तर पुढचे कामाचे मेलही स्पॅममध्ये पडू शकतात. त्यापेक्षा कोणी नवी जागा धरल्याचं लिंक्डइनवर दिसलं की त्या एकाच माणसाला तीन ओळींचा मेल करा. तिथे अभिनंदनाची तयार वाक्यं असतात, ती शेकडो जण पाठवतात.

दोन माणसांची गाठ घालून द्यायची असेल तर आधी दोघांना वेगवेगळं विचारा. होकार आल्यावर एकच मेल लिहा, प्रत्येकाची ओळख दोन ओळींत द्या. उत्तर देणाऱ्याने ओळख करून देणाऱ्याचे आभार मानावेत, त्याला बीसीसीत सरकवावं आणि तसं पहिल्या ओळीत सांगावं.

आणि हे आजच करा: लिंक्डइनला ऑफिसचा एकच मेल जोडलेला असेल तर त्यात घरचा पत्ता घाला आणि तो 'प्रायमरी' करा. नोकरी सुटली की ऑफिसची मेलपेटी बंद होते, पासवर्ड बदलायचा कोड तिथेच जातो, आणि वर्षानुवर्षांच्या ओळखींचं खातं बाहेरून उघडणं अवघड होऊन बसतं.